कुंदाचं बोट भरत काहून नाही

दारव्हा, मंगळवार, संध्याकाळ

फवारणीचे पंप रंगवायच्या आमच्या शेडात कुंदा माझ्या बाजूलेच बसून थिनरनं पत्रे पुसते. तिच्या बोटाची साधी चीर भरून नाही राह्यली, ताप तर घडीघडी येते. आज तिच्यासंगं दवाखान्यात गेलती. डॉक्टर म्हणाले, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. बंद खोलीत ते थिनर हुंगू नका."

मालकाले सांगितलं, तर म्हणते, "गूळ खात जा."

गूळ! ओल्या रंगावर धूळ नको म्हणून खिडक्या बंद. अन् आमच्या रक्ताचं काय? ते बोट डोळ्यापुढून जातच नाही.

मी पंप उचलला अन् बाहेर निंबाखाली जाऊन बसली. मालक ओरडला. मागून कुंदा आली, मंग बाकीच्या बाया. उद्या कामावर घेते का नाही, कोणाले माहीत.