शाफ्ट कोणी थांबवला

श्री. लिहून ठेवणार वामनराव बकारामजी उमरेडकर, वय वर्षे चौसष्ट, धंदा खराद (लेथकाम) व मशीन दुरुस्ती, राहणार घाट रोड, नागपूर. माझे डोके ठिकाणावर आहे. हात गेल्या पोळ्यापासून कापतो, पण त्याचा या मजकुराशी संबंध नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणू शकेल अशी एकच व्यक्ती घरात आहे, आणि मी काय लिहितो आहे हे तिला अजून ठाऊक नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या मिळकतीची व्यवस्था माझ्यामागे खालीलप्रमाणे व्हावी.

कलम १. राहत्या घराच्या तीन खोल्या पत्नी सौ. गोपिका हिला पूर्ण मालकीने देतो. चिरंजीव मनोहर याने सहकुटुंब तेथे राहावे, परंतु आईला विचारून. पोस्टातील शिल्लकही गोपिकेची.

कलम २. काटोलजवळची मी स्वतः घेतलेली दीड एकर जमीन, संत्र्याच्या झाडांसह, मनोहरला देतो. तो सरकारी कचेरीत कारकून आहे. मशीनच्या तेलाचा वास त्याला लहानपणापासून सोसत नाही, आणि त्याबद्दल माझा राग नाही. राग पुढच्या कलमात आहे.

कलम ३. घाट रोडवरील माझा कारखाना, त्याची जागा, दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल मशीन व त्यांच्या चारही मोटरी पत्नी गोपिका हिला पूर्ण मालकीने देतो. नुसता राहण्याखाण्याचा हक्क कोणी समजू नये. चालवण्याचा, विकण्याचा आणि नको त्याला दाराबाहेर काढण्याचा अधिकार तिचाच. मनोहरने गेल्या दिवाळीत एका गोदामवाल्याला आणून माझ्या डोळ्यांदेखत जागेला टेप लावला होता. मी तेव्हा गप्प राहिलो; हे माझे उत्तर समजावे. तो म्हणेल, "आईले मशीनमधलं काय समजते?" काय समजते ते खाली लिहितो. खरे तर एवढ्यासाठीच हा कागद केला आहे.

कलम ४. माझ्या कारखान्यात पूर्वी शाफ्ट होता. शाफ्ट म्हणजे छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा बसवलेला लोखंडी दांडा. कोपऱ्यातली एक मोठी मोटर तो फिरवायची आणि त्यावरून खाली उतरलेल्या पट्ट्यांवर चारही मशीन चालायच्या. तो मी १९५२ साली स्वतःच्या हाताने बसवला होता. सकाळी उदबत्ती ओवाळून तो सुरू करायचा आणि दिवेलागणीपर्यंत थांबवायचा नाही, अशी आमच्या आळीची रीत. शाफ्ट फिरतो तोवर कारखान्यात लक्ष्मी नांदते, थांबला की ती परत जाते, असे आम्ही मानत होतो. आम्ही जेवायला बसलो तरी तो डोक्यावर फिरतच असे. त्याच्या आवाजाशिवाय मला घास गोड लागत नसे.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या साली वीजकपात आली. पाव हिश्शाने वापर कमी करा, नाहीतर जोडणी तुटेल, असा कागद हातात पडला. चार दिवस विचार करून मी ठरवले की काम कमी करायचे, म्हणजे तिघांपैकी एक कारागीर कमी करायचा. धोंडबा सगळ्यांत जुना. शेपर चालवणारा ताराचंद एकटाच. राहिला लहानू. त्याला दोन मुली होत्या आणि तिसरे व्हायचे होते. सोमवारी त्याला सांगायचे ठरले. ही गोष्ट लहानूला आजवर माहीत नाही.

गोपिका रोज माझा डबा घेऊन येई आणि माझे जेवण होईपर्यंत दाराशी बसे. ती मिरच्यांच्या भिवापूरची. रिकाम्या हाताने बसणे तिला जमत नाही. ओच्यात मिरच्या घेऊन ती निसत बसायची, देठ काढून टोपलीत टाकायची. मीटर दाराशीच, तिच्या अगदी समोर. मीटरच्या आत एक चकती फिरते, तिच्या कडेवर लाल ठिपका असतो. वीज जितकी जास्त ओढली जाईल तितकी चकती जोरात फिरते. त्या शनिवारी मी जेवता जेवता तिला लहानूबद्दल सांगितले. ती मीटरकडे बघत राहिली.

"काय पाहून राहिली वं?" मी विचारले.

"सकाळी कालचा रिकामा डबा न्यायले आली अन् इथं निसत बसली तवा सारे कामावर होते," ती म्हणाली. "एक मूठ मिरच्या निसेपर्यंत तो ठिपका वीस खेपा आला. आता तुमी सारे जेवून राहिले, तरी बारा खेपा येते. हे बारा कोन खाऊन राहिलं?"

मी म्हणालो की बायकांनी मीटरात डोके घालू नये. जसे बोललो तसेच लिहितो.

ती म्हणाली, "मंग मानसाले काढू नका. त्या दांड्याले काढा."

मला राग आला. मी म्हणालो की मोटर बंद करून पुन्हा सुरू करायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा ती फिरती ठेवलेली बरी. हे मी वीस वर्षे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो होतो आणि एकदाही तपासून पाहिले नव्हते. ती म्हणाली, "करून पाहा ना." मी मोटर बंद केली आणि पुन्हा सुरू केली. चकती एकदम धावली खरी, पण दोन मिरच्यांना देठ निघेपर्यंतच. मग होती त्या चालीवर आली. गोपिका हसली नाही, एवढे तिचे उपकार.

शेजारच्या कारखान्याचे मालक भैयाजी माझे चुलतभाऊ. शाफ्ट उतरवायला घेतला तेव्हा ते शिडीपाशी येऊन म्हणाले, "काहून गा वामन, लक्ष्मी काढून राहिला का घरातून?" पुढे वर्षभर ते माझ्याकडचा चहा पीत नव्हते. आम्ही शाफ्ट भंगारात दिला, मोठी मोटर विकली आणि प्रत्येक मशीनला तिच्यापुरती लहान, जुनी मोटर बसवली. ज्या मशीनवर काम नाही तिचे बटण बंद, असा नियम केला. पाव हिस्सा मागितला होता, तिसरा हिस्सा वाचला. लहानूला काढावे लागले नाही. त्याला तिसरी मुलगीच झाली आणि तिच्या बारशाचे बुंदीचे लाडू आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

कलम ५. पुढच्या साली आमच्या कारखानदार संघाने वीज वाचवल्याबद्दल माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. मी भाषणात म्हणालो, "बरेच दिवस निरीक्षण करून ही गोष्ट माझ्या ध्यानात आली." गोपिका बायकांच्या रांगेत बसली होती. लोकांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तिने शालीची घडी घालून पेटीत ठेवली आणि मला जेवायला वाढले. ती भांडली असती तर मी पाच मिनिटांत कबूल झालो असतो. ती भांडली नाही, आणि पाच वर्षे मी तसाच राहिलो. मला त्या शालीची लाज वाटते. शाफ्ट गोपिकेने थांबवला. लहानूची भाकर गोपिकेने राखली. मी शिडीवर चढून नट सोडवले, तेवढे माझे काम.

कलम ६. माझा मायक्रोमीटर धोंडबाला. पान्यांची पेटी ताराचंदला. त्यातला आठ नंबरचा पाना त्याच्याकडेच आहे, तो त्याने पेटीत आणून ठेवावा. लहानूला काही ठेवलेले नाही, कारण ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये असे वकिलांनी सांगितले, आणि मला साक्षीला लहानूच हवा.

कलम ७. कारखाना पुढे जो कोणी चालवील त्याने बेअरिंगला रोज सकाळी तेल द्यावे, पट्टा सैल ठेवू नये. बोथट हत्याराने काम ओढू नये, त्यात वेळही जातो आणि वीजही. परत शाफ्ट बसवू पाहणाऱ्याने स्वतःला माझा वारस म्हणवू नये.

कलम ८. हे कलम नंतर वाढवले आहे. वरील मजकूर मी आज दुपारच्या सुटीत, मशीन बंद असताना, सर्वांसमोर मोठ्याने वाचला. लहानू मध्येच उठून नळावर गेला आणि तोंड धुऊन आला. मनोहर खाली मान घालून होता. भैयाजींनी चहा मागितला. मी गोपिकेला विचारले, सारे बरोबर लिहिले ना?

ती म्हणाली, "लिहिलं बरोबर. पन मेल्यावर काहून? तुमी गेल्यावर लोक टाळ्या वाजवतीन, अन् मी पांढऱ्या कपाळानं त्या ऐकत बसू का?"

म्हणून स्वतःला लिहून बांधून घेतो की, येत्या रविवारी, ११ मार्च रोजी, संघाच्या वार्षिक सभेत मी त्याच मंचावर उभा राहून कलम चार व पाच स्वतःच्या तोंडाने सांगेन. सभेआधी मला मरण आले तर भैयाजींनी ही दोन कलमे तेथे वाचावी आणि एक शब्दही गाळू नये.

हा कागद मी स्वतः लिहिला, वाचला आणि राजीखुशीने सही केली.

(सही) वामनराव बकारामजी उमरेडकर

वामनराव यांनी आम्हां दोघांच्या देखत सही केली व त्यांच्या देखत आम्ही साक्ष घातली.

साक्षीदार १. (सही) भैयाजी उमरेडकर, कारखानदार, घाट रोड
साक्षीदार २. (सही) लहानू, कारागीर, घाट रोड

नागपूर, बुधवार, दिनांक ७ मार्च १९७९

(कागदाच्या पाठीमागे, वेगळ्या अक्षरात)

दिनांक ११ मार्च १९७९. मी साक्षीदार क्रमांक एक, भैयाजी उमरेडकर, नोंद करतो की आज सभेत हा कागद वाचायची पाळी माझ्यावर आली नाही. वामन स्वतः बोलला. दोनदा थांबला, पाणी प्यायला, पण काही गाळले नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोपिकाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या, आणि शेवटची टाळी थांबेपर्यंत बसल्या नाहीत.