सिनेमातली आई

याडी, तुले अन् बाले पुण्यावरून ओमचा रामराम.

फोनवर तू ‘बरं हाय’ म्हणून ठेवून देते, म्हणून लिहून राह्यलो. संगीताताई वाचून दाखवन.

रविवारी रूमवर सिनेमे पाहतो. मारामारीचे चांगले असतात. भुताच्या सिनेमात तर मले झोपच लागली. वेब सिरीजमधला खुनी मी दुसऱ्याच भागात ओळखला.

पण पोरगं शहरात निघालं का आई रडत गाडीमागं धावते, हे सपशेल खोटं. मी एसटीत बसलो तवा तू पाठ करून शेळी बांधत होती. खिडकीतून पाह्यलं ना मी.

बाचा गुडघा कसा हाय? माह्या जेवणाची फिकर करू नको.

काल ताई फोनवर म्हणे, तू निघाला त्या दिवशी शेळी तर सकाळपासून बांधेलच होती. मंग तू काय करत होती, याडी?

तुहा,
ओम