संडासाचा ब्रश कपाटात आहे

अहो,

माझा भाऊ तुम्हाला दवाखान्यातून घरी सोडेल. माझी रजा संपली, मी कामावर गेलेय. जेवण झाकून ठेवलंय. वजन उचलू नका, जिना उतरू नका.

काल फोनवर सगळ्यांना काय सांगत होतात? "काही नव्हतं हो, नुसतं मांडीत टोचलं!" मांडीतून बारीक नळी घालून डॉक्टरांनी मूत्रपिंडातल्या गाठीची रक्त गळणारी नस आतून बंद केली. गाठ कॅन्सरची नाही, मूत्रपिंडही वाचलं, हे नशीब. काही नव्हतं, तर जिन्यात पोट धरून कोसळलात कशाला?

एकोणीस वर्षांत ज्या माणसानं संडासाच्या ब्रशला हात लावला नाही, तो तीन आठवडे रोज भांडं घासत होता. आणि मी खुळी बहिणींना सांगत सुटले, आमचे हे किती सुधारले! लघवीतलं रक्त धूत होतात तुम्ही. मला दिसू नये म्हणून. वर माझ्याकडून कौतुक करून घेत होतात!

ब्रश कपाटात आहे, कुलूप लावलंय, किल्ली माझ्या पर्समध्ये. आजपासून लघवी झाली की पाणी ओतायचं नाही. संध्याकाळी आल्यावर आधी मी बघणार. मग मीच ओतणार.