कुणाच्या फोनवर वाजायला हवं होतं

आप्पा, गेल्या महिन्यात बेळगुंदीच्या बांधावर सकाळपासून उभी होते आणि शेतातल्या बायका मला हसत होत्या. तुम्हालाही अशाच हसल्या होत्या. मी तेव्हा सहावीत. बेळगावच्या शहापुरात आपल्या मागावर तुम्ही विणलेलं लुगडं घेऊन बेळगुंदीची एक बाई परत आली होती. दोन महिन्यांत ते मागच्या बाजूला फाटलं होतं. त्याच्या पदराची नक्षी मी सुचवलेली, म्हणून मला राग आला. बाई अजून उंबऱ्यातच होती आणि मी म्हणाले, "नीट वापरलं नसंल." तुम्ही माग थांबवलात. "गप बस. ते नेसून भातलावणी तिनं केलीया, तू न्हाय." दुसऱ्या दिवशी शाळा बुडवायला लावून मला बसनं तिच्या गावी घेऊन गेलात. बांधावर उभं राहून आधी बघायची परवानगी मागितलीत. एक म्हातारी चिखलातनं म्हणाली, "काय बघतासा आप्पा?" तुम्ही म्हणालात, "तुमची लुगडी." सगळं शिवार हसलं, मी लाजेनं मेले. तुम्ही मात्र दुपारपर्यंत बघत राहिलात. येताना बसमध्ये एवढंच बोललात, "पदर बघून घेत्यात गं, आन् फाटतंय काष्ट्यात." पुढच्या लुगड्यांत मधली वीण घट्ट झाली आणि माझी नक्षी गेली. त्या नक्षीचं मला कितीतरी दिवस वाईट वाटत होतं.

आता मी मोबाइलची ॲप बनवते. बेळगावात आमचं तिघांचं छोटं ऑफिस आहे. यंदा बेळगुंदीचे काही शेतकरी आले. जंगलातनं गवे रताळ्याच्या शेतात उतरतात, दिवसाढवळ्या माणसांच्या अंगावर येतात. ज्याला गवा दिसेल त्याला बाकीच्यांना लगेच सांगता यावं असं काहीतरी करून द्या, म्हणाले. कसलं ॲप करायचं यावर आम्ही आठवडाभर वाद घातला. मोठ्या स्क्रीनच्या दोन्ही तऱ्हेच्या फोनसाठी वेगवेगळं, की दोन्हीला मिळून एकच, की काही उतरवून न घेता नुसतं इंटरनेटवर उघडणारं? माझा सहकारी म्हणत होता, साधं करूया. मी ऐकलं नाही. गावाचा नकाशा, त्यावर गवा दिसेल तिथं लाल ठिपका, खाली सरकणारी चित्रं, असं देखणं ॲप केलं. रविवारी देवळात बैठक घेऊन सगळ्यांच्या फोनवर घातलं. तरुण मुलं खूष, मीही खूष.

तिसऱ्याच दिवशी ओढ्याकडच्या काजूच्या बागेतनं गवा निघाला. एकानं बघितला, बटण दाबलं, सूचना गेली. खाली रताळ्याचे वेल कापणाऱ्या एका मावशींना मात्र काहीच कळलं नाही. जावेनं बोंब मारली म्हणून त्या पळाल्या आणि पाटात पडून मनगट मोडून घेतलं. गवा दहा पावलांवरून गेला. मी भेटायला गेले तेव्हा हात गळ्यात बांधून बसल्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि म्हणाल्या, "तुझी सूचना आली की बाई. लेकाच्या फोनवर आली. त्यो तवा बेळगावात कारखान्यात मशिनीवर हुता." मग कमरेच्या पिशवीतनं बटणाचा फोन काढून दाखवला. "मी ह्यो घेऊन शेतात जातो. ह्यो वाजला असता तर आदीच पळालो असतो."

आप्पा, मी ॲप रविवारी घातलं होतं. सगळी पोरं घरात असतात त्या दिवशी. सोमवारी ते सगळे फोन बसमध्ये बसून बेळगावला गेले, आणि शिवारात गव्यासमोर राहिल्या त्यांच्या आया. चहाचा पेला हातात होता आणि मला "गप बस" ऐकू आलं, अगदी तुमच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी मी बांधावर जाऊन उभी राहिले. आधी विचारलं. "काय बघतीस गं?" "तुमचे फोन." हसल्या. हात चिखलानं भरलेले, फोन कुणाचा कमरेला, कुणाचा भाकरीच्या फडक्यात. मोठ्या स्क्रीनचा जवळजवळ नाहीच. परतल्यावर नकाशा काढून टाकला. ॲप ठेवलं, पण फक्त जंगलाच्या कडेला राखण करणाऱ्या दोघांच्या फोनवर. त्यात चारच मोठी बटणं, गावाच्या चार बाजूंची. त्यातलं एक दाबलं की त्या बाजूच्या शेतातले सगळे फोन वाजतात, बटणाचेसुद्धा, आणि आधी मराठीत, मग कन्नडमध्ये आवाज येतो, "गवा आलाय, वर रस्त्याकडं या." आवाज त्या मावशींचाच आहे. मोडका हात सांभाळत त्यांनी तो चार वेळा बोलून दिला. पहिले तीन त्यांनाच पसंत पडले नाहीत. परवा तो पहिल्यांदा खरा वाजला. सगळ्या बायका रस्त्यावर चढल्या, गवा शेत तुडवून गेला. गावातनं मला फोन आला, "रताळी गेली, पर माणसं समदी हायत."

हे तुम्हाला कौतुकानं सांगायला बसले होते. पण एक गोष्ट राहिलीय. शेवटच्या वर्षी मी तुम्हाला मोठ्या स्क्रीनचा फोन आणला होता. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. तिथून मी फोन करायची, तुम्ही उचलायचा नाहीत, मी चिडायची. तुम्ही म्हणायचात, "ऐकू आला न्हाय गं." तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं. फोन तुमच्या मांडीवर वाजायचा, तुम्ही परत परत बोट फिरवायचात, पण जन्मभर सूत ओढून घट्टे पडलेलं तुमचं बोट त्या काचेला कळायचंच नाही. पोरीला वाईट वाटेल म्हणून तुम्ही आईलाही बोलू दिलं नाहीत. मी आठवड्याआड घरी यायची, आप्पा. एकदाही तुमच्या शेजारी बसून तुम्ही तो कसा उचलता हे बघितलं नाही.

हे पत्र आता कुठं टाकणार? बेळगुंदीत सगळे म्हणतात, पोरगी लई बघून काम करती. मी नुसती मान हलवते. तुमच्या फोनचं खरं अजून कुणाला सांगितलेलं नाही.