सेवापुस्तकातून ‘हलगर्जीपणा’ हा शब्द वगळण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
आस्थापना शाखा, पाणीपुरवठा कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : दिवंगत प्रयोगशाळा सहायक यांच्या सेवापुस्तकातील अखेरच्या शेऱ्यातून ‘हलगर्जीपणा’ हा शब्द वगळणेबाबत.

संदर्भ : १) दिवंगत कर्मचाऱ्याच्या नावे आलेले, त्यांनी ‘समक्ष हजर राहावे’ असे फर्मावणारे आपले पत्र.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. तिन्हींची पोच मिळाली. पोचेखेरीज काही मिळालेले नाही.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या जलशुद्धीकरण केंद्रात सव्वीस वर्षे प्रयोगशाळा सहायक असलेल्या बाईंची एकुलती मुलगी आहे. आपल्या कागदांत त्यांचा उल्लेख ‘सदर मयत’ असा येतो. अर्जदाराला त्याची सवय नसल्याने पुढे ‘आई’ असे लिहिले आहे. कार्यालयाने ते आपल्या सोयीने वाचावे.

२. आईचे काम असे. दर दोन तासांनी गाळणटाक्यांवर चढायचे, बाटलीत पाण्याचा नमुना घ्यायचा, खाली येऊन त्यात द्रावणाचे थेंब टाकायचे, येणारा पिवळा रंग तक्त्यावरच्या रंगांशी ताडायचा, पाण्यात क्लोरिन किती उरले ते नोंदवहीत लिहायचे आणि सही करायची. टाक्यांवर जायला एकतीस लोखंडी पायऱ्या आहेत. आपल्या चौकशी अहवालात त्या ‘अंदाजे वीस’ आहेत. उंटावरून शेळ्या हाकतात हे अर्जदाराने ऐकले होते. खुर्चीवरून पायऱ्याही मोजता येतात, हे अहवाल वाचून कळले.

३. आईला चिंतेचा आजार होता. आजार हा शब्द नंतर आला; वीस वर्षे घरात त्याला ‘स्वभाव’ म्हणत. नमुना तपासून सही केली की तिला वाटे, उजेड कमी होता, रंग नीट पाहिला नाही. ती पुन्हा वर जाई, पुन्हा नमुना आणी. आकडा तोच येई. त्याखाली ती लिही, ‘पुन्हा पाहिले’. मग वाटे, बाटली धुतली नव्हती. पुन्हा एकतीस पायऱ्या. एकेका नोंदीखाली ‘पुन्हा पाहिले’ चार-चार वेळा आहे, कारण तिच्या मते तिच्या सहीवर अख्खे गाव पाणी पीत होते. घरी आल्यावरही नळाच्या पाण्याचा पहिला पेला ती स्वतः प्यायची, दहा मिनिटे थांबायची आणि मग आम्हाला प्यायला द्यायची. सुट्टीच्या दिवशी केंद्रावर फोन करायची. पंपावरचा ऑपरेटर भला माणूस होता. तो म्हणायचा, “बाई, पाणी कालच्यासारखंच आहे. तुम्ही जेवून घ्या.” फोन ठेवून ती ताटावर बसायची आणि दोन घासांनी उठायची.

या नोंदवह्या आपल्या कार्यालयाने पाहिल्या आणि आईला ‘उत्कृष्ट दक्षता’ असे प्रशस्तिपत्र दिले. एका बाईचा आजार काचेत मढवून तिच्याच हातात दिल्याचे दुसरे उदाहरण अर्जदाराच्या वाचनात नाही. ते प्रशस्तिपत्र भिंतीवर होते. आई त्याच्याकडे पाहून म्हणायची, आता तर चूक करायची सोयच उरली नाही.

४. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आई चौदाव्या पायरीवर अडकली. श्वास येईना, हात बधिर झाले, आपण आता मरतो अशी तिची खात्री झाली. चाळीस मिनिटे ती कठडा धरून बसून होती. हृदयाच्या डॉक्टरांनी हृदय उत्तम असल्याचे सांगितले आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी गोळी लिहून दिली. गोळी नैराश्यावरची आहे, पण चिंतेलाही तीच देतात, हे त्यांनी समजावून सांगितले. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतील आणि त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होईल, हेही सांगितले. सरळ बोलणारे गृहस्थ होते.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. तोंड कोरडे, पोटात ढवळणे, बोटांना कंप. जांभया इतक्या, की जबडा दुखायचा. धाकधूक उलट वाढली. गोळ्यांचे पाकीट आईने सुईदोऱ्याच्या डब्यात तळाशी ठेवले होते. रोज सकाळी ती पाकिटावरचा मजकूर वाचायची, मग पुन्हा वाचायची, मग गोळी घ्यायची.

पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी ती केंद्रावरून थेट घरी आली. सांगायला ही गोष्ट फार लहान आहे. सव्वीस वर्षांत फाटकापर्यंत येऊन ती परत फिरली नाही, असा दिवस अर्जदाराच्या आठवणीत नव्हता. तिने चपला काढल्या, नळ सोडला, पेला भरला आणि न पिता अर्जदाराच्या हातात दिला. मग म्हणाली, “आवाज बंद झाला नाही गं. शेजारच्या घरात राहायला गेलाय. ऐकू येतो, पण मला हाक मारत नाही.”

गोळीने सगळे चांगलेच केले, असे अर्जदार म्हणणार नाही. आईचे वजन वाढले. जिभेची चव बोथटली. त्याच वर्षी मामा गेला. सख्खा, पाठचा भाऊ. आईच्या डोळ्यांतून पाणी येईना. ती दोन दिवस त्याबद्दल स्वतःवर चिडून होती. मग म्हणाली, रडू येत नाही ते एक बरे नाही, पण झोप येते. दोन्ही कसे मिळणार. पाणी तपासणाऱ्या बाईचा हा हिशेब होता. कशात काय किती उरले, हे तिला कळत असे.

त्या पाचव्या आठवड्यानंतरच्या अकरा महिन्यांच्या नोंदवहीत दर नोंदीला एक आकडा आणि एक सही आहे. त्या अकरा महिन्यांत पाण्याबद्दल गावातून एकही तक्रार आलेली नाही. हे आपल्याच अहवालाच्या परिशिष्टात आहे. परिशिष्ट वाचण्याची पद्धत आपल्याकडे नसावी, म्हणून नमूद केले.

५. मग वार्षिक वैद्यकीय तपासणीचा फॉर्म आला. त्यात रकाना होता : सध्या कोणती औषधे सुरू आहेत? आपल्या कार्यालयातील शिपायाने तिला बाजूला घेऊन सांगितले, “बाई, तिथं रेघ मारा. सगळेच मारतात. साहेबांनीपण मारलीय.” कोणत्या साहेबांनी, हे अर्जदार विचारत नाही.

आईने आयुष्यात रकाना खोटा भरला नव्हता. तिने गोळीचे नाव लिहिले, मात्रा लिहिली, आणि कारण विचारलेले नसताना ‘चिंतेसाठी’ असे लिहिले. खाली सही. फक्त एकदा. तेवढ्यापुरती ती बरी झाली होती, याचा याहून चांगला पुरावा अर्जदाराकडे नाही.

६. आठव्या दिवशी आपला आदेश आला. सदर कर्मचारी मानसोपचाराचे औषध घेत असल्याने जबाबदारीच्या कामास अपात्र. पूर्वीच्या तुलनेत नोंदवहीतील फेरतपासण्या बंद झाल्याचे दिसते, सबब दक्षता घटली आहे. त्यांना भांडारात रिकाम्या बाटल्या लावण्याचे काम द्यावे. ‘कोणतेही औषध सुरू नाही’ असे प्रमाणपत्र पंधरा दिवसांत आणल्यास पूर्वपदाचा विचार होईल.

आजारी होती तेव्हा कौतुक आणि बरी झाली तेव्हा शिक्षा. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, असे म्हणतात. आपण त्याच्याही पुढे गेलात. चोराचा आधी सत्कार केलात.

७. डॉक्टरांनी सांगितले, गोळी बंद करायची तर हळूहळू कमी करत काही महिने लागतील आणि आत्ता ती करूच नये. असले प्रमाणपत्र मी देणार नाही, असेही ते म्हणाले. पंधरा दिवसांतले सहा दिवस तोवर गेले होते. कार्यालयाच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांना खोटे सांगून गोळ्या चालू ठेवता आल्या असत्या. शिपायाने तेही सुचवले होते. अर्जदारानेही सुचवले. आईला ते जमेना. तिला ‘नाही’ असे उत्तर द्यायचे होते, म्हणून ते खरे व्हावे यासाठी तिने गोळ्या एका दिवसात बंद केल्या.

त्यानंतर पाचव्या दिवशी पॅनेलवरच्या डॉक्टरांनी विचारले, काही औषध चालू आहे का? ती म्हणाली, नाही. त्यांनी मान वर न करता शिक्का मारला. सगळे मिळून दोन मिनिटे. अर्जदार बाहेरच्या बाकावर बसली होती. गोळ्या कशा बंद केल्या आहेत, हे अर्जदाराला माहीत होते. प्रमाणपत्र घेऊन दोघी रस्त्यापलीकडे कॉफी प्यायल्या. आई खूश होती. कपाला हात थरथरत होते, त्यावर दोघींनी विनोदही केला. अर्जदाराचा हलगर्जीपणा एवढाच आहे आणि तो कोणत्याही सेवापुस्तकात नोंदलेला नाही. नोंदवायचा असल्यास हरकत नाही.

८. आई प्रयोगशाळेत परतली आणि आवाजही आपल्या घरी परतला. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसतो, असे ती सांगे. डोके आधी वळते, खोली मागून येते, म्हणे. नोंदवहीत ‘पुन्हा पाहिले’ पुन्हा सुरू झाले. आधी दोनदा, मग चारदा, मग सहादा. पर्यवेक्षकांनी त्या पानावर ‘समाधानकारक सुधारणा’ असा शेरा मारला आहे. नक्कल सोबत आहे.

परतल्याच्या बाविसाव्या दिवशी, कामाची वेळ संपल्यावर, ती फाटकापासून परत फिरली. पाच वेळा पाहिलेला नमुना सहाव्यांदा पाहायला टाकीवर गेली. वहीत पुढच्या ओळीवर तिने वेळ लिहून ठेवली. आकडा खाली आल्यावर लिहायचा होता. उतरताना ती पडली. पंपावरच्या ऑपरेटरने तिला पाहिले तेव्हा बाटली तिच्या हातात होती. फुटली नव्हती. झाकण घट्ट लावलेले होते. चौकशीत अर्जदाराला विचारण्यात आले, आईच्या मनात जिवाचे काही बरेवाईट करण्याचे होते का. तसे करणारे माणूस नमुन्याच्या बाटलीचे झाकण लावत नाही. हे उत्तर आपण लिहून घेतले नाही, म्हणून येथे लिहिले.

९. अहवालाचा निष्कर्ष : कामाच्या वेळेनंतर विनाकारण उपस्थिती, मानसिक आजार, स्वतःचा हलगर्जीपणा. हाच शेरा सेवापुस्तकात उतरला.

अर्जदाराने तो शब्द वगळण्यासाठी तीन अर्ज केले. चौथ्या महिन्यात आईच्या नावे पत्र आले. शेऱ्यात दुरुस्ती हवी असल्यास संबंधित कर्मचाऱ्याने वैद्यकीय मंडळासमोर समक्ष हजर राहून मानसिक स्थिती सिद्ध करावी. येताना सुरू असलेल्या औषधांची यादी आणावी. गैरहजर राहिल्यास त्यांना काही म्हणायचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.

तसे गृहीत धरण्यास हरकत नाही. यादीबाबत इतकेच कळवते, की सध्या कोणतेही औषध सुरू नाही. आपल्या नियमांप्रमाणे त्या आता कोणत्याही जबाबदारीच्या कामास पात्र आहेत.

१०. आपल्या कार्यालयाला शोधाशोध करावी लागू नये म्हणून कळवते, की अर्जदार स्वतः सात महिन्यांपासून तीच गोळी घेत आहे. मात्रा रोज एक, सकाळी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. पहिले पंधरा दिवस जांभयांनी जबडा दुखला. आता झोप येते. हा अर्ज लिहिताना हात थरथरला नाही आणि रडू आले नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल आईप्रमाणेच स्वतःवर थोडा राग आहे. या कारणास्तव अर्ज विचारात घेण्यास अपात्र ठरवायचा असल्यास तसे लेखी कळवावे. सही आपल्या हाताची असावी. मागच्या वेळी रबरी शिक्का होता.

११. विनंती अशी. आर्थिक मागणी काहीही नाही. चौकशी नको, कारवाई नको, शोकसंदेश तर नकोच. सेवापुस्तकातून एक शब्द वगळावा.

हेही नियमात बसत नसेल, तर दुसरे सुचवते. आपण आईची नोंदवही मागवून घ्यावी. शेवटचे पान उघडावे. त्यावर पाच आकडे आहेत, पाचही सारखे, पाचही बरोबर. सहाव्या ओळीवर फक्त वेळ आहे. मग एकतीस पायऱ्या एकदा चढून उतराव्यात, आणि खाली आल्यावर त्या ओळीपुढे स्वतःच्या हाताने ‘पुन्हा पाहिले’ असे लिहून सही करावी. आई एकेका नमुन्यासाठी हे सहा वेळा करत होती. साहेबांनी एकदा करावे.

उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
दिवंगत प्रयोगशाळा सहायक यांची मुलगी
दि. १४ मार्च

सोबत :
१) ‘उत्कृष्ट दक्षता’ प्रशस्तिपत्र, मूळ. काचेसह परत.
२) वैद्यकीय फॉर्मची प्रत. औषधांचा रकाना भरलेला.
३) ‘समाधानकारक सुधारणा’ शेरा असलेल्या पानाची नक्कल.
४) नमुन्याची बाटली, एक. झाकण उघडलेले नाही.
५) नोंदवहीच्या शेवटच्या पानाची नक्कल. सहावी ओळ अपुरी.