शालूची स्पॅनिश

प्रिय शालू,

उद्या भंडाऱ्याच्या कोर्टात माही साक्ष आहे. कालपासून सासू पाय धरून राहिली, "काही पाह्यलंच नाई म्हण." राग असा येऊन राहिला का वाटते वरवंटा घ्यावा अन् एकेकाचं टाळकं फोडावं! म्हणून तुले लिहून राहिली.

काहून शिकली वं तू ते स्पॅनिश? नागपूरच्या कंपनीत परदेशातले फोन घ्याची नोकरी भेटते म्हणे. मोबाइलवर शिके अन् अंगणात भांडे घासता घासता पाढ्यावाणी घोके. आब्ले, आब्लास्ते, आब्लो. मी बोलली, तू बोलली, तो बोलला. कोमी, कोमिस्ते, कोमिओ. मी खाल्लं, तू खाल्लं, त्यानं खाल्लं. "ताई, एकाचं शेपूट पाठ झालं का बाकीचे आपोआप येतात." मले हसू ये.

पण दार लावून घोकाचं होतं ना, माय! शेजारचं लेकरू तापानं गेलं अन् भगतानं तुह्याकडं बोट दाखवलं. म्हणे, ही रोज मंतर म्हणते.

आपण सख्ख्या बहिणी, सख्ख्या भावायले दिल्या. बाबा म्हणे, एकमेकीले आधार होईल. कायचा आधार! भर दुपारी तुले ओढत नेलं. मले खोलीत कोंडलं, तुह्याच नवऱ्यानं कडी लावली. खिडकीतून पाह्यलं मी. काठ्या हाणल्या, पोटात लाथा घातल्या. तू ओरडत होती, "अभ्यास आहे तो माहा, अभ्यास!" भगत म्हणे, "दात पाडा, म्हंजे मंतर चालत नाई." माह्या नवऱ्यानं दगड उचलला. दात पडले तरी तो थांबला नाई. तू हालाची बंद झाली तरी नाई.

किडे पडो मेल्यायच्या हाताले!

अन् तू तरी? सकाळीच म्हटलं होतं ना, लाखनीची गाडी पकड, माहेरी जाय. "मी समजावून सांगते त्यायले," म्हणे. समजावलं? कोणाले समजावलं, शालू?

सासू म्हणते, आपल्या हातानं आपलं कुंकू पुसशील काय? तुह्यं फुटलेलं तोंड मीच धुतलं. तिनं पाणीबी नाई दिलं.

लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर त्या माणसाचं नाव माह्या तोंडून कधी निघालं नाई. आपल्यात बाई घेतच नाई. उद्या वकील विचारतील, दात कोणं पाडले? घेईन, शालू. त्याच्या बापाच्या नावासकट, साऱ्या कोर्टाले ऐकू जाईल असं घेईन.

तुही,
ताई