दोन गाठींची जुडी

वडिवळे,
रविवार, ता. ३० ऑक्टोबर १९६६

ती. आत्याबाईंना,
तुमच्या सुनेचा, रतनचा, पदर तीनदा पायांना लावून नमस्कार.

इकडे सगळं खुशाल. तुम्ही वडगावला शालूवन्संकडे गेल्याला आज सव्वीस दिवस झाले. दसऱ्याला याल म्हणून पुरण जास्तीचं शिजवलं होतं, ते शेजारच्या येसूबाईंकडे गेलं. वन्सं, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवा. तुमच्या यजमानांच्या, हनुमंतरावांच्या, हाती देऊ नका, ते अर्धं गाळतात आणि अर्धं पदरचं घालतात.

चिंगी बरी आहे. 'आजी कुठं गेली गं?' असं कुणी विचारलं की ठसक्यात सांगते, 'वडगावला, कोर्टात.' वडगाव म्हणजे कोर्ट, एवढंच त्या चार वर्षांच्या जिवाला ठाऊक. त्यामुळे आपली काहीतरी केस चालू आहे अशी वाडीभर बोलवा झाली. कपिली दूध देते, पण मी तुमचं लुगडं नेसून बसले तरच. हसू नका, खरंच नेसते. चिंगीचे बाबा घाटात रेल्वेच्या गँगवर असतात, आज आलेत आणि गोठ्याचा कूड बांधतायत.

माझं म्हणाल तर पहाटे शेण, दूध, भाकऱ्या, मग खाचर, मग चिंगीला येसूबाईंकडे सोडून कामशेतची वाट. अकराच्या घंटेला शाळेत. परवा हजेरी घेताना एका पोरीच्या नावाच्या जागी 'कपिली' म्हणून गेले. वर्ग हसून लोळला, आणि मेलं एक कार्टं 'हजर' म्हणालं.

खालच्या खाचराचं विचाराल. नका विचारू. बरं, सांगते. दसऱ्यालाच येणारं हळवं भात पिकून गळायला लागलंय, आणि त्याच्या बगलेला दिवाळीनंतर येणारं गरवं हिरवंगार उभं. एका खाचरात दोन्ही, त्यामुळे सरळ कापणी करता येत नाही. रोज शाळेआधी विळा घेऊन एकेक पिकली लोंबी शोधून कापते. बांधावरून जाणारा थांबतोच. 'काय मास्तरीणबाई, भाताच्या उवा काढताय का?' आणि पुढं हमखास, 'म्हातारीची नजर गेली हो, रोपं मिसळली तिनं.' मी मान खाली घालून कापत राहायची.

आता दुसरं. पुण्याच्या ट्रेनिंगला माझं नाव आलंय. जूनपासून दोन वर्षं. ते केलं तर नोकरी पक्की, नाहीतर मी आहे तशी हंगामी, आज आहे तर उद्या नाही. पंधरा नोव्हेंबरच्या आत हो-नाही कळवायचंय. मी गेले तर चिंगी, कपिली आणि दोन सालांच्या दोन आवण्या, रोप उपटण्यापासून लावण्यापर्यंत, तुमच्यावर पडणार. तुम्ही घरी नसाल तर मला 'हो' म्हणताच येत नाही. चिंगीचे बाबा म्हणाले, 'आईला लिही. गोड लिही.'

गोड लिहायला चार दिवस बसतेय. होत नाही. गोडाच्या आधी एक कडू गिळायचंय.

आत्याबाई, तुमची नजर गेलेली नाही. रोपं मी मिसळली.

आवणीच्या त्या दिवशी शाळा तपासायला साहेब यायचे होते. तुम्ही रोप उपटून वाखाच्या दोरीनं जुड्या बांधत होता, हळव्याला एक गाठ, गरव्याला दोन, नेहमीसारखं. मी त्या डोक्यावरून खाचरात नेत होते. हळवं वरच्या खाचरात, गरवं खालच्या, हे चिंगीलाही कळतं. पण उशीर झालेला, माझ्या डोक्यात साहेब. गाठी बघितल्याच नाहीत. दोन्ही ढिगांतल्या जुड्या एकाच पाटीत कोंबल्या, सोडल्या आणि खालच्या खाचरात फेकल्या. बायांनी लावून टाकल्या. कोवळं रोप सगळं सारखंच दिसतं.

पुढं पीक दुरंगी झालं, लोक तुम्हाला हसले, तेव्हा मी तोंड उघडलं नाही. 'शाळेपायी शेत घालवलं, सोड ती नोकरी' असं म्हणतील, ही भीती. तुम्ही डोळे चोळत म्हणालात, 'आता माज्यानं हुत न्हाई, लेकीकडं जाते.' आणि मी तुमचं बोचकं बांधून दिलं. आत्याबाई, त्याची मला फार लाज वाटते.

काल बांधावर चार बायांसमोर सांगून टाकलं. हसल्या. हसू देत. तुम्ही आलात न आलात, माझं ट्रेनिंग झालं न झालं, तुमच्या डोळ्यांवर आळ नको.

चुकलेली, पण तुमचीच,
रतन


वडगाव,
शुक्रवार, ता. ४ नोव्हेंबर

सौ. रतनवहिनीस शालूचा नमस्कार.
आई सांगते तसं लिहितेय. एक अक्षर इकडचं तिकडं करू नकोस म्हणते.

"रतन, पत्र दोनदा वाचून घेतलं. माजी नजर गेली न्हाई हे तू मला सांगतीस व्हय? आवणीच्या सांजंला बांधावरल्या वाखाच्या दोऱ्या गोळा केल्या त्या म्याच. खालच्या खाचरापाशी एकगाठी आन् दोनगाठी एका ढिगात. तवाच कळलं. गाठ मी डोळ्यानं न्हाई, बोटानं वळखते.

गप का ऱ्हायले? तुला हसले असते तर साळंतली पोरं तुजं ऐकती का? मला हसले तर हसले, मला कुटं साळा चालवायचीय! पन तू बोलशील म्हनून वाट बघितली. तू बोलली न्हाईस, बोचकं बांदलंस. लय राग आला. अजून हाय थोडा.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं कामशेतला उतरते. साळंत जाताना टेसनावर ये, चिंगीला संगं आन. ऱ्हायलेल्या लोंब्या मी कापते, तुजा हात जड, तू दानं सांडतीस. सायबाला हो म्हनून कळव. आन् माजं नवं लुगडं गोठ्यात नेसली असशील तर बघच."

वहिनी, सहीच्या जागी आई अंगठा उठवत नाही. त्याऐवजी वाखाची एक दोरी पाकिटात घालायला लावलीय, दोन गाठी मारलेली. म्हणते, "पुन्याला जाताना ही संगं ने. एक आवणी झाली की एक गाठ सोड. दुसरी सोडायची ती हितं येऊन, माज्या हाताखाली."